आयएसओ-२५ मधला स्वल्पविराम: नऊ महिने वापरल्यानंतर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. शेजारच्या फौंड्रीला ओतकामासाठी लागणाऱ्या पॅटर्नची, म्हणजे लाकडी नमुन्यांची, ड्रॉइंगंही मीच काढतो. आधी दुसऱ्यांच्या ऑफिसात ऑटोडेस्क कंपनीच्या ऑटोकॅड या ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर हात बसला होता. स्वतःचं घ्यायची वेळ आली तेव्हा समजलं की ऑटोडेस्कने २०१६ पासून कायमचं लायसन्स विकणं बंद केलंय, आता दरवर्षी भरत राहायचं. आमच्या धंद्याला ते झेपत नाही. म्हणून ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाईल थेट उघडणारं, एकदाच पैसे भरून मिळणारं एक स्वस्त सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, कारण ज्याबद्दल लिहायचंय ते ऑटोकॅडमध्येही तसंच आहे. लाईन, ट्रिम, हॅच, प्रिंट सगळं नीट चालतं, त्यावर जास्त बोलत नाही. मला बोलायचंय ते डायमेन्शन स्टाईलबद्दल, म्हणजे ड्रॉइंगवरची मापं कशी दिसावीत हे ठरवणाऱ्या सेटिंगबद्दल.

गेल्या महिन्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका गिऱ्हाइकाने असेंब्लीची फाईल पाठवली. त्यांच्या फाईलमध्ये मी माझं ब्रॅकेट कॉपी करून पेस्ट केलं, मापं बरोबर दिसली, ए३ वर प्रिंट काढून फौंड्रीत दिलं. ब्रॅकेट २८० मिमी लांब, कडेपासून १२.५ वर एक बॉस, म्हणजे वर आलेला उंचवटा. प्रिंटवर मात्र ते माप '१२,५' असं उमटलं होतं. २.५ मिमी उंचीचा आकडा, टोनर संपत आलेला, त्यात तो स्वल्पविराम म्हणजे कागदावरचा एक डाग वाटावा असा. पॅटर्नवाले मामा दुसऱ्या शेडमध्ये होते. त्यांनी फोनवर पोराकडून माप विचारून घेतलं आणि पोराने 'एकशेपंचवीस' असं वाचलं. सागवानी पॅटर्नवर बॉस १२५ वर चिकटला. २८० च्या तुकड्यावर १२५ काही अशक्य वाटत नाही, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

मी विचारायला गेलो तर मामा म्हणाले, "ड्रॉइंगात हाय तेच केलो की मी. खरं, तू असं माप लिहूच नको."

त्यांचं बरोबर होतं. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नवाला कागदावर साधी पट्टी लावून काही पडताळत नाही. तो आकडा वाचतो आणि कॉन्ट्रॅक्शन स्केलवर, म्हणजे तेवढ्या आकसण्यासाठी वाढवून आखलेल्या पट्टीवर, माप घेतो. त्याच्यासाठी ड्रॉइंग म्हणजे तो आकडाच.

मी सॉफ्टवेअरवर भयंकर चिडलो. माझ्या फाईलमध्ये दशांशाचं टिंब होतं, मग पेस्ट केल्यावर स्वल्पविराम कुठून आला? डीलरला तीनदा फोन केला. अशी तक्रार कुणाची नाही, स्क्रीन बघायची असेल तर सपोर्टचे वेगळे पैसे, एवढंच उत्तर. एक स्टार देऊन मोकळं व्हायचं ठरवलं होतं.

रविवारी दोन्ही फायली शेजारी उघडून बसलो तेव्हा कारण सापडलं, आणि मत बदलावं लागलं. मेट्रिक टेम्पलेटमध्ये, म्हणजे नवीन ड्रॉइंग ज्यावरून सुरू होतं त्या तयार फाईलमध्ये, आयएसओ-२५ नावाची स्टाईल आधीपासून असते आणि तिच्यात दशांशाला स्वल्पविराम असतो, कारण आयएसओच्या कागदपत्रांत तशीच रीत आहे. आपल्याकडे स्वल्पविराम हजार-लाखांचा. मी पहिल्याच दिवशी तीच स्टाईल उघडून स्वल्पविरामाचं टिंब केलं होतं, पण नाव आयएसओ-२५ असंच ठेवलं. गिऱ्हाइकाच्या फाईलमध्ये त्याच नावाची, हात न लावलेली स्टाईल होती. दोन फायलींत एकाच नावाच्या स्टाईल आल्या की जिच्यात पेस्ट करतो तिची व्याख्या टिकते, येणारीची गळून पडते. माझी सगळी मापं निमूट त्यांच्या स्टाईलवर गेली. ऑटोकॅडमध्येही हाच नियम आहे. म्हणजे हा बिघाड नाही. पण मापाची भाषाच बदलत असताना स्क्रीनवर एक ओळसुद्धा येत नाही, ही माझी तक्रार कायम आहे.

आता नवीन नावाने स्टाईल केली, 'उबा-मिमी'. डीफॉल्टला हात लावायचा नाही; त्यावरून 'न्यू' करून वेगळं नाव द्यायचं, टिंब, बाण, अक्षराची उंची सगळं त्यात, आणि ती टेम्पलेटमध्ये सेव्ह करायची. वेगळं नाव असल्यामुळे पेस्ट करताना ती जशीच्या तशी सोबत जाते. गिऱ्हाइकाची फाईल आली तर तिच्यातल्या स्टाईल मी बदलत नाही. एकेका मापाला प्रॉपर्टीजमधून केलेला बदल वेगळा चिकटून राहतो, नंतर स्टाईल सुधारली तरी तो हलत नाही. असली जुनी मापं मला हाताने शोधून काढावी लागली.

आणखी एक गोष्ट, जिच्यात माझे दोन दिवस गेले. डायमेन्शन स्टाईलमध्ये उंची २.५ दिली तरी अक्षरं ३.५ चीच यायची. कारण टेक्स्ट स्टाईलमध्ये उंची ३.५ अशी ठोकून ठेवली होती. तिथे शून्य ठेवलं तरच डायमेन्शन स्टाईलचं ऐकलं जातं.

एक सुख मात्र अनपेक्षित मिळालं. आमच्याकडे पॅटर्नवाले मराठी वाचतात, मोल्डिंगची पोरं कन्नड. सिम्प्लेक्स या कॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टमध्ये दोन्ही लिपींच्या जागी प्रश्नचिन्हं यायची. टेक्स्ट स्टाईलला विंडोजमधला निर्मला यूआय लावला, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. आता टायटल ब्लॉकच्या (ड्रॉइंगच्या नाव-नंबरच्या चौकटीच्या) वर एकाच सूचनेच्या दोन ओळी असतात, मराठी आणि कन्नड: 'सर्व मापे मिमीमध्ये, टिंब म्हणजे दशांश'. ही ओळ मामांनीच सुचवली. पैसे वसूल झाल्यासारखं मला पहिल्यांदा वाटलं ते ही शीट प्रिंट होऊन हातात आली तेव्हा.

तीन स्टार देतोय. एक कापला डीलरसाठी, एक त्या गप्प बसण्यासाठी. पॅटर्नचा बॉस सोडवून पुन्हा बसवला, लाकूड वाचलं, पण मामांची दोन दिवसांची मजुरी मी माझ्या खिशातून दिली. जुन्या ड्रॉइंगांत आयएसओ-२५ अजून तशीच आहे. रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी पाच फायली नव्या स्टाईलवर आणतो. साठ झाल्या, एकशेवीस राहिल्यात.