शिस्त तुकडी पाहून: सांगलीतील एका माध्यमिक शाळेविषयी

सांगलीत विश्रामबागपासून मिरज रस्त्यापर्यंतच्या पट्ट्यात पाचवी ते दहावीच्या शाळांना तोटा नाही. प्रवेश घेताना पालक दहावीचा निकाल विचारतात, सेमी इंग्रजीची सोय आहे का हे पाहतात, रिक्षावाले काका कोणत्या गल्लीपर्यंत येतात याची चौकशी करतात आणि स्कॉलरशिपच्या गुणवत्ता यादीत किती मुले आली हे फलकावर वाचतात. वर्गात शिक्षा कोणाला होते आणि ती देण्यापूर्वी मुलाला काही विचारले जाते का, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही, आणि माहितीपत्रकातही 'कडक शिस्त' या दोन शब्दांपलीकडे त्याविषयी काही छापलेले नसते. माझी मुलगी आणि माझा पुतण्या एकाच खासगी अनुदानित शाळेत आठवीत शिकतात, ती सेमीच्या 'अ' तुकडीत आणि तो मराठी माध्यमाच्या 'क' तुकडीत. गणित आणि इतिहास दोघांनाही तेच शिक्षक शिकवत असल्यामुळे एकाच शिक्षकाची दोन वर्गांतली वागणूक आमच्या घरात रोज संध्याकाळी शेजारीशेजारी ऐकायला मिळते. शाळेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण दोन्ही मुले अजून तेथेच शिकत आहेत.

आधी जमेची बाजू. या शाळेत छडी नाही, आणि ती केवळ परिपत्रकापुरती नाही असे नव्हे, खरोखरच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. त्यापूर्वीच्या पिढीने अंगठे धरून उभे राहण्यापासून डस्टरच्या लाकडी बाजूपर्यंत सर्व काही सोसलेले आहे, त्यामुळे मारहाण थांबली म्हणजे प्रश्न संपला असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. शुल्क थकले म्हणून या शाळेत कोणाला वर्गात उभे केल्याचे ऐकिवात नाही. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान यांबाबतही तक्रार नाही.

अडचण सुरू होते ती तुकडीपासून. सातवीच्या गुणांवरून आठवीच्या तुकड्या पाडल्या जातात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातच कोणता वर्ग 'हुशार' आणि कोणता 'वांड' हे शिक्षक खोलीत ठरून जाते. 'अ' तुकडीतून आवाज आला की मुले चर्चा करत असतात, 'क' तुकडीतून तेवढाच आवाज आला की तो गोंधळ असतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर इतिहासाची स्वाध्याय वही तपासायची होती. 'अ' तुकडीत माझ्या मुलीसह काही जणांची वही अपुरी निघाली, तेव्हा 'उद्या पूर्ण करून दाखवा' एवढ्यावर विषय मिटला. त्याच दिवशी पुढच्या तासाला 'क' तुकडीत ज्यांची वही अपुरी होती त्यांना तासभर वर्गाबाहेर, व्हरांड्यात उभे करण्यात आले आणि डायरीत लाल शाईने शेरा लिहून पालकांची सही मागण्यात आली. माझ्या पुतण्याचा त्या दिवशीचा धडा बुडाला. धडा बुडाल्यामुळे त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे त्याला लिहिता आली नाहीत, आणि उत्तरे लिहिली नाहीत म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच्या डायरीत दुसरा शेरा आला. ज्या मुलाने वर्गात बसण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच बाहेर काढण्याने नेमकी कोणती शिस्त लागते, हे मला समजलेले नाही.

हाका मारण्याची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. लाडक्या मुलांना नावाने हाक मारली जाते, मागच्या बाकांवरच्यांना आडनावाने, आणि काहींना तर त्यांच्या गावावरून. शिक्षकांच्या मनात यामागे काही नसेलही, परंतु आपल्याकडे आडनावातून काय काय कळते हे आठवीतल्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत बोचरे, उपरोधिक बोलणे आणि नावे ठेवणे यांचीही गणना मानसिक छळात केलेली आहे. डॉ. आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून ती तारीख राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळली जाते. आमच्या शाळेतही त्या दिवशी समतेवर भाषणे होतात, फक्त भाषण करणारी मुले दरवर्षी 'अ' तुकडीच्या पुढच्या दोन बाकांवरून निवडली जातात.

ऑफ तासाला मॉनिटर बडबड करणाऱ्यांची नावे फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो, ही पद्धत महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत शिकलेल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. येथे तिचे थोडे प्रगत रूप पाहायला मिळते. पहिल्यांदा बोलल्यावर नाव, पुन्हा बोलल्यावर नावापुढे फुली, आणि तीन फुल्या झाल्या की डायरीत शेरा. मॉनिटरच्या बाकावर बसणाऱ्याचे नाव फळ्यावर सहसा येत नाही, आणि आलेच तर मॅडमच्या चपलांचा आवाज जिन्यावर ऐकू येताच ते हाताने पुसले जाते. पुसल्याचा खडूचा पांढरा डाग तेथेच राहतो, पण त्याकडे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. फळ्यावरची यादी हाच पुरावा, तीच साक्ष आणि तोच निकाल. ज्याचे नाव लिहिले आहे त्याने 'मी नव्हतो' असे म्हटले तर ते उलट उत्तर ठरते आणि त्याची शिक्षा वेगळी. यादीच नसेल तेव्हा संपूर्ण वर्गाला मधली सुट्टी बंद होते. लोकमान्य टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण मुलांना पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगत आलो आहोत, मात्र आज एखाद्या मुलाने तसे उत्तर सरांना दिले तर त्याच्या पालकांना दुसऱ्या दिवशी भेटायला बोलावतील याबद्दल मला शंका नाही.

उशिरा येणाऱ्यांच्या बाबतीत नियम सर्वांना सारखा आहे आणि तरीही तो अन्यायकारक आहे. प्रार्थना सुरू झाल्यावर फाटक बंद होते आणि उरलेल्यांना मैदानावर वेगळ्या रांगेत उभे केले जाते. त्या रांगेत विश्रामबागमधली दोन गल्ल्या ओलांडून येणारी मुले कधीतरी दिसतात; बुधगाव, कवलापूर, नांद्रे या बाजूने एसटीच्या पासावर येणारी मुले मात्र वारंवार दिसतात, कारण गाडी चुकली किंवा भरून आली की पुढची गाडी येईपर्यंत त्यांच्या हातात काही नसते. एसटीचे वेळापत्रक आठवीतल्या मुलीच्या डायरीत लाल शेऱ्याने सुधारणार नाही. शाळेने या गावांतून येणाऱ्या मुलांची यादी करून त्यांना दहा मिनिटांची सवलत दिली असती तर फाटकावरची निम्मी कटकट मिटली असती.

शिक्षकांची बाजू मांडल्याशिवाय हे परीक्षण एकांगी होईल. सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे ३५ विद्यार्थी असावेत असे कायदा सांगतो, आणि 'क' तुकडीत साठीच्या वर मुले बसतात. त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, आणि एखाद्या मुलाला मोठ्या आवाजात बोलले तरी दुसऱ्या दिवशी फाटकावर येऊन हुज्जत घालणारे पालक. अशा स्थितीत प्रत्येक तक्रारीची चौकशी करणे शक्य नाही, असे शिक्षक म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु याच शाळेतले, याच दोन्ही तुकड्यांना शिकवणारे गणिताचे सर ते करून दाखवतात. त्यांच्याकडे दोन्ही वर्गांसाठी एकच वही असते. गृहपाठ नसेल तर ते मुलाला आधी कारण विचारतात, कारण त्याच्यासमोर वहीत लिहितात आणि मधल्या सुट्टीत त्याला शिक्षक खोलीबाहेरच्या बाकावर बसवून तेवढी उदाहरणे सोडवून घेतात. 'अ' तुकडीत कायम पहिल्या येणाऱ्या मुलीलाही त्यांनी त्या बाकावर बसवलेले आहे. तेव्हापासून 'क' तुकडीत त्यांच्या तासाला फळ्यावर नावे लिहावी लागत नाहीत, असे पुतण्या सांगतो, आणि सरांविषयी तो एरवी फारसे चांगले बोलणारा मुलगा नाही.

तक्रारीची व्यवस्था कागदावर उत्तम आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने सीसीटीव्ही आणि तक्रारपेटीबाबत शाळांना आदेश दिले आणि त्याप्रमाणे येथेही निळी पत्र्याची पेटी बसवण्यात आली. ती शिक्षक खोलीच्या दाराला लागून होती. ज्या शिक्षकांविषयी चिठ्ठी टाकायची त्यांच्या डोळ्यांदेखत ती टाकण्याचे धाडस कोणते मूल करील? पालक-शिक्षक संघाच्या सभेत पेटी जिन्याखाली पाण्याच्या टाकीजवळ हलवावी, अशी सूचना मी मांडली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ती मान्य केली. त्या प्रत्यक्ष भेटल्यावर शांतपणे ऐकून घेतात, मुलाला समोर बोलावून त्याचेही ऐकतात आणि शेरा चुकीचा असल्यास डायरीत स्वतःच्या सहीने तो रद्द करतात. मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पालकाला कामावरून अर्धा दिवसाची रजा टाकावी लागते, आणि एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्या पालकाला ती परवडत नाही. साहजिकच रद्द झालेले शेरेही बहुतेक 'अ' तुकडीतल्या डायऱ्यांमध्येच सापडतात.

शिकवण्यासाठी या शाळेला मी पाचपैकी चार गुण देईन, शिस्तीतल्या न्यायासाठी दोन, आणि त्यांतला एक गणिताच्या सरांचा आहे. ज्यांच्या पाल्याला सातवीत चांगले गुण आहेत आणि जे शाळेच्या जवळ राहतात त्यांनी निःशंकपणे प्रवेश घ्यावा. बाकीच्यांनी प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी तुकड्या कशा पाडतात आणि वर्गाबाहेर काढलेल्या मुलाचा बुडालेला धडा कोण भरून देतो, हे दोन प्रश्न कार्यालयात अवश्य विचारावेत. पुतण्याची तुकडी बदलून मिळावी यासाठी माझ्या भावाने दिलेला अर्ज अद्याप कार्यालयातच आहे. पेटी मात्र जिन्याखाली हलवली गेली आहे.