नव्वदीतली आई: तिला आपल्याकडे आणावं, की आपण तिच्याकडे जावं?

आई नव्वदीची, आपण सत्तरीला टेकलेले. तिला एकटं ठेवायचं नाही, इथवर सगळ्या भावंडांचं एकमत होतं. अडतं ते पुढे.

आपल्याकडे आणण्याच्या बाजूने बरंच आहे. लिफ्ट, कमोड, ओळखीचे डॉक्टर. शिवाय आपल्या स्वतःच्या गोळ्या-तपासण्यांची घडी मोडत नाही, आणि सत्तरीत ही बाब लहान नव्हे. पेन्शनसाठी गाव धरून बसायची गरजही उरलेली नाही: केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासून देता येतो. बोटांच्या रेषा झिजून ठसा लागत नसेल, तर मोबाइलवर चेहरा दाखवून तो घरबसल्या निघतो.

तरी आम्ही तिच्या घरी राहायला गेलो. ठरलं ते रात्रीच्या बाथरूमच्या वाटेवरून. पलंगाच्या डाव्या अंगाने उतरायचं, भिंतीला हात लावत सात पावलं जायचं, ही चाळीस वर्षांची सवय पायांत मुरलेली असते. नव्या घरी दिवसा तिला सगळं नीट कळतं. रात्री दोनला, अर्धवट झोपेत, पाय जुन्याच दिशेला वळतात आणि पुढ्यात कपाट येतं. बारीक दिवा ठेवला, पलंग फिरवून उतरायची बाजू तीच ठेवली, तर थोडा फरक पडतो, पण घोळ पुरता जात नाही. दोन-दोन महिन्यांच्या पाळ्या लावल्या, तर दर वेळी पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या घराचे दोष मात्र बहुतेक दुरुस्त होतात. सहा सेंटिमीटरच्या उंबऱ्याला बहात्तर सेंटिमीटर लांबीचा लाकडी उतार लागतो. त्याहून आखूड केला तर वॉकर घसरतो. मातीच्या भिंतीत आधाराला धरायच्या दांड्याचे स्क्रू धरत नाहीत, म्हणून तिथे दांडा न लावता हातांची कमोड खुर्ची पलंगालगत ठेवावी. टाइलवर चिकटणारे रबरी दांडे टाळाच. भार आला की सुटतात. तिला उठवताना दंड किंवा काख धरून ओढू नये, तिचा खांदा आणि आपली कंबर दोन्ही जातात. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरावा. उठल्यावर मिनिट-दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, कारण एकदम उभं राहिलं की बीपी पडतं. आपणही बीपीची गोळी घेत असलो, तर हा नियम दोघांनाही.

आणखी एक, आणि माझ्या मते हे मोठं आहे. तिच्या घरी ती पाहुणी नसते. दूधवाल्याचा हिशेब तिचा, भाजी निवडायची तिने, आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतलीस का, हे विचारायचंही तिनेच. सत्तरीतल्या लेकराला हा आधार लागतो.

तिचं घर वरच्या मजल्यावर असेल, जिना उभा असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर तिला आणणंच बरं. स्मृतिभ्रंशामुळे स्वतःचं घरच ओळखू येत नसेल, तर माझ्या म्हणण्यातला जोर बराच कमी होतो. बाकी घरांत ठरवण्याआधी तिच्याकडे सलग आठ रात्री झोपा, आणि ती किती वेळा उठते, कुठल्या अंगाने उतरते, हात कुठे टेकते, ते लिहून ठेवा.