पत्र्याखालचं जुनं ग्लासवूल काढून नवं घातलं: उन्हाळा, पावसाळा आणि निम्मी थंडी बघून

बेळगावात अनगोळला आमचं घर, त्याला खाली स्लॅब आहे आणि वर दोन खोल्या पत्र्याच्या. जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा, त्याखाली ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, त्याखाली प्लायवूडचं सिलिंग, असं सासऱ्यांनी फार पूर्वी करून घेतलेलं. गेल्या फेब्रुवारीत ते सगळं उतरवून नवं घातलं. खर्च वसूल झाला, हे आधीच सांगते. पण दुकानदार ज्या गोष्टीसाठी हा माल विकतात त्यासाठी नव्हे.

जुनं काढणं हेच अर्धं काम. प्लायची पहिली फळी सुटली तेव्हा वर करंगळीएवढा चपटा, काळपट थर चिकटून बसलेला होता. वळचणीच्या बाजूला उंदरांनी त्याच ग्लासवूलचं घर केलेलं, आत शेंगांची टरफलं आणि कुणाच्या तरी मोज्याचा तुकडा. तिथूनच जाणाऱ्या लाइटच्या वायरचं आवरण कुरतडून तांबं उघडं पडलं होतं. मला या सगळ्यात भीती वाटली ती तेवढ्याचीच. वायरमनला बोलावून सगळी वायर पाइपातून ओढून घेतली आणि मगच पुढचं काम सुरू केलं.

ग्लासवूल उष्णता अडवतं ते तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या हवेच्या जोरावर. थर चेपला की हवा गेली, भिजला की हवेच्या जागी पाणी. मग उरतो तो फक्त उंदरांचा गाद्यांचा कारखाना. काढताना एन-९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि हातमोजे लागतातच. लेंड्या असतील तिथं कोरडा झाडू मारू नका. फिनेलचं पाणी फवारून, ओलं करून पोत्यात भरा. त्या दिवसाचे कपडे वेगळे धुवा, नाहीतर घरभर खाज. आमच्या नणंदेनं ते सगळ्यांच्या कपड्यांबरोबर मशीनला लावले आणि आठवडाभर माझ्या नावानं खडे फोडले.

मिस्त्री गोकाककडचे, मराठी-कानडी मिसळून बोलणारे. नवा माल वर चढवायच्या आधी म्हणाले, ‘‘वैनी, वरनं पाणी थांबल्याबिगर खालनं काय बी घाला, कुजणारच.’’ पत्रा चांगला होता. गळत होता तो जे-हुकांपाशी, म्हणजे पत्रा आवळून धरणाऱ्या आकड्यांपाशी. वॉशर उन्हानं तडकलेले. ते सगळे बदलले, आढ्याच्या पत्र्याखाली पट्टी भरली आणि वरून पाइपनं पाणी सोडून बघितलं. पावसाळ्यात एक थेंब आला नाही, त्याचं श्रेय ग्लासवूलला नाही, त्या वॉशरना आहे.

आता नवा माल. एका दुकानात थर्माकोलच घ्या म्हणून मागं लागले होते. स्वस्त पडतो आणि हलका असतो, खरं आहे, पण साधा थर्माकोल पेटला तर भडकतो आणि काळा धूर सोडतो. कुरतडलेली वायर डोळ्यांपुढं असताना मला ते पटलं नाही. ५० मिलिमीटर जाडीचं, एका बाजूला फॉइल असलेलं ग्लासवूल घेतलं. फॉइल खाली आणि सांधे अ‍ॅल्युमिनियमच्या टेपनं बंद, म्हणजे खोलीतली दमट हवा वर जाऊन कापसात शिरत नाही. आधाराला कोंबडीजाळी ताणली, थर सिलिंगवर टेकवला नाही. सिलिंगला कॅल्शियम सिलिकेटचे दोन बाय दोन फुटांचे चौकोन टाकले. कुठलाही चौकोन उचलून वर टॉर्च मारता येतो, हे मला सगळ्यात आवडलेलं. प्लायच्या काळात वर काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं.

२४ किलो घनतेचा (म्हणजे घनमीटरला २४ किलो) माल एकाच खोलीला पुरला म्हणून दुसरीला ४८ किलोचा घातला. त्यामुळं आपोआप तुलना झाली. उकाड्यात फरक जवळजवळ नाही. आवाजात आहे. जुलैत आमच्याकडं पाऊस दिवस-दिवस थांबत नाही, पूर्वी वरच्या खोलीत फोनवर ओरडून बोलावं लागायचं. आता ४८ किलोवाल्या खोलीत मुलगी दार लावून अभ्यासाला बसते. दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज थोडा वाढवावा लागतो. पुन्हा करायचं झालं तर दोन्हीकडं जड मालच घालीन.

उन्हाळ्याचं म्हणाल तर एप्रिलमध्ये बेळगावात पारा ३५-३६ च्या आसपास जातो आणि भर दुपारी खोली अजूनही तापतेच, कारण ऊन खिडक्यांतून आणि पश्चिमेच्या भिंतीतून येतं. फरक पडला तो संध्याकाळी. आपल्याकडं सूर्य कलला की बाहेर गार वारा सुटतो, पण पत्र्याच्या खोलीत जेवणं उरकली तरी डोक्यावर गरमी असायची. आता सातलाच खोली बसण्यासारखी होते. सासूबाई मे महिन्यात वरच झोपल्या, यावरून काय ते समजा.

वीज वाचली का, असं विचारणाऱ्यांना काय सांगू? २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांच्या आत आपापल्या सरासरीपुरती वीज फुकट, आमचं बिल आधीही शून्य होतं, आताही शून्यच. बिल वाचवायला म्हणून हे करू नका.

तक्रारीही आहेत. सिलिंग खाली आल्यानं पंख्याची दांडी आखूड करावी लागली. मजुरी मालापेक्षा जास्त गेली, जुनी पोती नेणाऱ्या टेंपोचं भाडं वेगळंच. आणि डिसेंबरात पहाटे पत्र्याच्या आतून दव धरतं. वळचणीला हवेसाठी फट ठेवून बारीक जाळी मारलीय, तरी उत्तरेच्या कोपऱ्यात कापूस किंचित ओलसर लागतो. उन्हं वर आली की सुकतो, पण तो चौकोन मी दर पंधरवड्याला उचलून बघते.

ज्यांच्या घरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत त्यांनी आमचं बघून लगेच ड्रिल हातात घेऊ नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. भोक पाडलं, घासलं, फोडलं की धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाते. तिथं पत्र्याला हात न लावता खालच्या भिंतींवर वेगळी चौकट बसवून तिच्यावर थर घालता येतो. शेजारच्यांनी तसंच केलंय.