गुलमर्गचा डबा: थर्मासमधली खिचडी की खिशातली गूळपोळी?

गुलमर्गला मुलांसोबत दिवसभर स्की करायचं, तर खिचडीला माझं पहिलं मत. रुंद तोंडाचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने १० मिनिटं तापवून घ्या. दुपारी झाकण उघडताच तुपाच्या वासाची वाफ येते आणि गारठलेली पोरं आपसूक जवळ सरकतात. पण ओझं होतं, बसायला जागा लागते, हातमोजे काढावे लागतात.

गूळपोळी जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेने मऊ राहते, गंडोलाच्या (तिथल्या केबल कारच्या) रांगेत उभ्यानेही खाता येते. अफरवाटच्या डोंगरावर, जवळजवळ ४,००० मीटरवर जाणाऱ्या मोठ्यांना तीच बरी. चिक्की नकोच, थंडीत दगड होते.

पाण्याची साधी बाटली पिशवीत उलटी ठेवा: बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं.