वीज नसलेल्या वावरात नेट मीटरचे ६,५०० रुपये

वावरातल्या घरावर लागलेल्या खोट्या सोलर संचाची ही गोष्ट. आधी हिशेब. ५१,००० रुपये बयाणा क्यूआर कोडवर, १,२०,००० बँकेतून, ७५,००० रोख फिटिंगच्या दिवशी आणि वरून ६,५०० 'नेट मीटर चार्ज'. एकूण २,५२,५००. क्यूआर कोडच्या खात्यावर कंपनीचं नाव नव्हतं, भलत्याच कुणाचं होतं. पावती फक्त बँकेतल्या रकमेची, तीही कच्ची, जीएसटी नंबर नसलेली.

बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटणारे, मोबाईलवर कुणाच्या तरी गच्चीचे फोटो दाखवणारे, 'कोटा संपत आला भाऊ' म्हणणारे लोक यवतमाळ-वर्धा पट्ट्यात सगळ्यांनीच पाहिलेत. ती पद्धत सांगत बसत नाही. माल कसा खोटा निघाला आणि तो कसा ओळखायचा, ते सांगतो.

कोटेशन असं होतं: ५४० वॅटची ६ पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॅट. ५ केव्हीएचा ४८ व्होल्ट इन्व्हर्टर. ६० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा डबा). १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) सी-१० च्या (१० तासांत रिकामी करून मोजलेल्या) ४ ट्यूब्युलर बॅटऱ्या. किंमत २,४६,०००, आणि सरकारच्या 'सूर्यघर' सबसिडीचे ७८,००० खात्यात परत येतील, म्हणजे संच पडला १,६८,००० ला.

चिडचिड होते ती याच जागी. पीएम सूर्यघर योजना वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या घरासाठी आहे. पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रत्येकी, तिसऱ्याला १८,०००, झाले ७८,०००. आकडा खरा, म्हणूनच पचला. पण अर्जात पहिली गोष्ट लागते ती ग्राहक क्रमांक. ज्या वावरात शेवटचा खांब दीड किलोमीटरवर आहे, तिथं ग्राहक क्रमांक कुठून येणार? फॉर्मवर तो रकाना कोरा ठेवला गेला. 'नोका टेन्शन घेऊ भाऊ, ते आमच्या ऑफिसातून भरते.' आणि मग नेट मीटरचे ६,५००! नेट मीटर मोजतो लाइनमधून आलेली आणि लाइनला परत दिलेली वीज. इथं लाइनच नाही. मग तो मोजणार काय, पऱ्हाटीवरचा वारा? या एका वाक्यावर विक्रेत्याला बांधाबाहेर काढायला हवं होतं.

आता कुणी म्हणेल, एवढं कळत नव्हतं का. मोटारीचं वायंडिंग, स्टार्टर, कपॅसिटर सगळं हातचं आहे. पण ते एसीचं, म्हणजे लाइनच्या विजेचं काम. डीसीत, म्हणजे पॅनेल-बॅटरीच्या विजेत, फसवायच्या जागा वेगळ्या असतात, आणि तो माणूस त्या नेमक्या ओळखून होता. शिवाय खांबासाठी डिमांड (जोडणीचे पैसे) भरून वर्षानुवर्षं 'पेड पेंडिंग'मध्ये, म्हणजे जोडणीची वाट बघत, पडलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. अंधारात राहणाऱ्यानं आशा धरली तर तो काही गुन्हा नाही.

पॅनेलपासून घ्या. फिटिंगवाल्यानं मल्टीमीटर लावला, ४८ व्होल्टच्या वर दाखवलं आणि म्हणाला, 'पाहा, फुल हाय.' हीच हातचलाखी. उघड्या सर्किटचं (लोड न जोडता मोजलेलं) व्होल्टेज सेल किती आहेत त्यावर ठरतं, पॅनेल किती वॅटचं आहे त्यावर नाही. ४०० वॅटचं मोनो पॅनेलही ४८-४९ व्होल्ट दाखवतं आणि ५४० चंही. फरक करंटमध्ये असतो. भर दुपारी शॉर्ट सर्किट करंट (पॅनेलची दोन टोकं थेट मीटरमधून जोडल्यावर वाहणारा) ५४० वॅटमध्ये १३ ते १४ अँपिअर येतो, ४०० वॅटमध्ये १० च्या आसपास. मीटर नसेल तर टेप लावा. ५४० वॅटचं पॅनेल सुमारे २२७८ बाय ११३४ मिलिमीटर असतं, म्हणजे साडेसात फूट लांब. इथं लागलेलं निघालं २००८ बाय १००२. मागं ५४० चं कोरं स्टिकर, आणि काचेच्या आत लॅमिनेट झालेला नंबर वेगळाच. स्टिकर कुणीही छापतो. काचेच्या आतला नंबर बदलता येत नाही, तो वॉरंटी कार्डाशी जुळवा. जुळला नाही तर पॅनेल गाडीतून उतरूच देऊ नका.

बॅटरी काट्यावर ठेवा. कापसाचा काटा घरात असतोच. १५० एएचची उंच ट्यूब्युलर बॅटरी पाण्यासकट ५५ किलोच्या वर भरते. या भरल्या ४३ किलो. शिसं कमी म्हणजे साठा कमी, त्याला वॉरंटीचं कार्ड काय करणार. आणि सी-१०, सी-२० बघा. सी-२० म्हणजे २० तासांत सावकाश रिकामी केली तर १५० एएच. तीच बॅटरी १० तासांत रिकामी केली की त्याहून कमी देते. घरगुती इन्व्हर्टरची सी-२० बॅटरी सोलरची म्हणून खपवतात.

हिशेब सोपा आहे. ४८ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे ७.२ युनिट. शिसाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, उरले ३.६. इन्व्हर्टरचा तोटा गेला की हातात ३ युनिट. ५०० वॅटचा लोड ६ तास चालला पाहिजे. इथं अडीच तासांत बीप बीप.

सगळ्यात मोठी चोरी मात्र कंट्रोलरमध्ये. डब्यावर एमपीपीटी, आत पीडब्ल्यूएम, म्हणजे साधा स्वस्तातला कंट्रोलर. वजनानं हलका, उघडला तर आत चोकची कॉइलच नाही. पीडब्ल्यूएम पॅनेलचं व्होल्टेज ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, वरचं वाया जातं. दोन पॅनेल सिरीजमध्ये असली की ८२ व्होल्टच्या जागी ५४, म्हणजे तिसरा हिस्सा गेलाच. ओळखायची रीत: डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणा (साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो), बारा वाजता घरातला लोड बंद करून आधी पॅनेलची, मग बॅटरीची वायर मोजा. दोन्हीकडे करंट सारखा आला तर पीडब्ल्यूएम. खऱ्या एमपीपीटीत बॅटरीकडचा करंट जास्त येतो. इथं दोन्हीकडे २७. म्हणजे २७ गुणिले ५४, जेमतेम १,४५० वॅट. पैसे घेतले ३,२४० चे.

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'आपल्याकडं ऊन लय हाय भाऊ, गरमीनं पॅनेल कमी देते.' हे खरं आहे, पण अर्धं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते. मे महिन्यात पॅनेल ७० अंशांपर्यंत तापलं तरी १५-१६ टक्के जातील, निम्म्याहून जास्त नाही. आणि रोज अर्धवट चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. हायड्रोमीटर (बॅटरीच्या पाण्याची घनता मोजणारी नळी) दिवसभराच्या उन्हानंतरही १.१८० दाखवत राहिला. तो १.२४० च्या आसपास यायला हवा. म्हणजे आता चांगला कंट्रोलर लावला तरी या बॅटऱ्या पूर्ण सावरतीलच असं नाही.

अर्थिंगचं तर बोलायलाच नको. काळ्या मातीत दोन फुटांवर पट्टी गाडली. एप्रिलमध्ये जमीन भेगाळली की तिचा मातीशी संबंधच संपतो. खोल पाइप, कोळसा-मीठ, आणि उन्हाळ्यात पाणी टाकायची सोय हवी. लायटनिंग अरेस्टर (आभाळातली वीज जमिनीत उतरवणारा) कोटेशनमध्ये होता, छपरावर नाही.

आता सरकारदरबार. ठाण्यात सांगितलं, 'हे तर लेनदेनीचं हाय, दिवाणीत जा.' खोटं स्टिकर लावून माल विकणं, नसलेल्या मीटरचे पैसे घेणं, हे लेनदेनीचं? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग कशासाठी आहे? सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवले. बँकही तेच म्हणाली, आणि वर शाखा व्यवस्थापकाचं हसू. वीज कार्यालयात बाबूनं मानही वर न करता विचारलं, 'ग्राहक क्रमांक?' नाही म्हटल्यावर, 'मग तक्रार घेता येत नाही.' ज्या क्रमांकावाचून सबसिडी नाही, त्याच क्रमांकावाचून तक्रारही नाही! सौर योजनांच्या जिल्ह्याच्या कार्यालयात उत्तर मिळालं की हा विक्रेता आमच्या यादीत नाही. यादीत नसलेला माणूस भर चौकात सरकारी योजनेचा फलक लावतो, तो फलक तुम्हाला दिसत नाही का साहेब? पुढाऱ्यांच्या शुभेच्छांचे फलक तर रोज दिसतात.

विक्रेत्यांची सरकारी यादी आधी बघा. बयाणा कंपनीच्या खात्यातच टाका, रोख एक रुपया नाही. शेवटचे २५ टक्के वरच्या मोजण्या झाल्यावरच द्या. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच कळलं तर त्याच तासाला १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्यात दाखल करता येते. त्यासाठी पक्कं बिल ठेवा, नसेल तर बँकेचा उतारा, संदेश आणि मोजमापाचे फोटो. आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही वेगळी योजना आहे: सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा ५ टक्के. ती पंपासाठी आहे, घर चालवायला नाही. 'पंपावर घरही चालते' म्हणणाऱ्याला चहासुद्धा देऊ नका.

तोच माणूस आता शेजारच्या तालुक्यात लिथियम विकतोय असं कळलं. तिथल्यांनी लक्षात ठेवा: ४८ व्होल्टच्या जागी लागणाऱ्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकवर ५१.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, आत ३.२ व्होल्टचे १६ सेल. पैसे द्यायच्या आधी पॅक पूर्ण चार्ज करा, ठरलेला लोड लावा आणि किती युनिट निघतात ते मोजा. १०० एएचचा नवा पॅक ५ युनिटच्या जवळपास देतो. तीनवर अडकला तर आत ई-रिक्षातले जुने सेल असायची दाट शक्यता आहे. तो गाडीतच ठेवून परत पाठवा.