खाडा मांडायला शिकले: पाडवा ते पाडवा, २०७ दिवसांचा अनुभव

आधी वस्तूबद्दल. वस्तू म्हणजे फ्रिजशेजारी खिळ्याला टांगलेलं, दर महिन्याला पान उलटायचं ते नेहमीचं कॅलेंडर आणि त्याला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. खर्च शून्य, कारण कॅलेंडर घरात येतंच. वापर ३० मार्च २०२५ च्या गुढीपाडव्यापासून २२ ऑक्टोबरच्या दिवाळी पाडव्यापर्यंत, म्हणजे २०७ दिवस. उपयोग: नव्या वर्षाचे संकल्प.

त्याआधी १ जानेवारीला ऑनलाइन मागवलेला एक प्लॅनर वापरून झाला होता. जाड पुठ्ठा, रेशमी खूणफीत, ७९९ रुपये. पहिल्याच पानावर सात संकल्प लिहिले: दहा किलो वजन कमी करणे, पहाटे पाचला उठणे, साखर बंद, रोज दहा हजार पावलं, वर्षात ५२ पुस्तकं, दर रविवारी सिंहगड आणि मोडी लिपी. साखरेचा निकाल संक्रांतीच्या हलव्याने लावला. पहाटे पाचचा निकाल थंडीने त्याआधीच लावला होता. प्लॅनरमध्ये '२१ दिवसांत सवय' असं २१ चौकोनांचं पान होतं. माझा बारावा चौकोन कोरा राहिला आणि मग ते पान उघडायचीच लाज वाटायला लागली. हल्ली त्यात किराणा मालाच्या याद्या असतात. कागद चांगला आहे.

हे २१ दिवस आले कुठून, ते नंतर शोधलं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळाला आणि चेहराही गळाला. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त पटली: एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं काही बिघडत नाही.

सासूबाईंना हे कुठलाही अभ्यास न वाचता ठाऊक होतं. त्या गेली तीस वर्षं दुधाचा हिशेब कॅलेंडरवर मांडतात. रोजच्या चौकोनात '१॥' म्हणजे दीड, जास्त घेतलं तर अधिकची खूण, दूध आलं नाही तर 'ख' म्हणजे खाडा. महिनाअखेरीला खाडे वजा करायचे, पैसे द्यायचे, पान उलटायचं. दोन खाडे पडले म्हणून कुणी दूध बंद करत नाही. मार्चमध्ये त्यांना हिशेब करताना बघत होते, तेव्हा वाटलं, माझ्या संकल्पांना असं का नाही?

"आई, तुमच्या चौकोनात थोडी जागा देता का?"

"घे की. पण हिरव्या शाईने लिही, नाहीतर दूधवाल्याला तुझ्या व्यायामाचे पैसे जातील."

खुणा करायला तीनच संकल्प ठेवले. आठवड्यातून तीनदा तळजाईच्या टेकडीवर फेरी. पोस्टात दरमहा हजाराची आरडी, म्हणजे आवर्ती ठेव. मोडीची रोज एक ओळ.

आरडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पोस्टातल्या बचत खात्यातून पैसे परस्पर वळते होतात, मी काही करत नाही, म्हणूनच ते पार पडलं.

तळजाईचं गणित असं: साडेएकोणतीस आठवडे, म्हणजे साधारण ८८ फेऱ्या व्हायला हव्या होत्या. झाल्या ७१. 'रोज फिरणार' असं ठरवलं असतं तर हाच आकडा नापास दिसला असता. वेळ ठरवली नाही, खूण ठरवली: दुधाची पिशवी फ्रिजमध्ये गेली की बूट घालायचे. गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी अशा 'हे झालं की ते' पद्धतीवर बरंच काम केलं आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर घड्याळाशी हुज्जत घालता येते, दुधाशी येत नाही, ते नासतं. खाडे कुठे पडले हे आता कॅलेंडरवर सरळ दिसतं. मेच्या अखेरीस पाऊस लवकर आला तिथे एक झुपका, आणि गणपतीत सलग दहा दिवस 'ख'. पुढच्या वर्षी गणपतीचे दहा दिवस मी धरणारच नाही. पुण्यात राहून ते दिवस मोकळे धरणं हाच मुळात फाजील आत्मविश्वास.

मोडीने मात्र खरी गंमत दाखवली. आजोबांची एक वही माझ्याकडे आहे, 'मोडी शिकणे' हा संकल्प तिच्यापायी तीन वर्षं यादीत होता. 'शिकणे' कधी पूर्ण होतं, हे कुणाला सांगता येईल? एक ओळ मात्र रात्री साडेदहाला होते किंवा होत नाही. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, शब्दांमध्ये नीट अंतरही नाही, त्यामुळे लिहायला मजा आणि वाचायला सजा. पहिले दोन महिने सगळी अक्षरं मला सारखीच दिसत होती. १४८ ओळी झाल्या, ५९ खाडे. वहीची पहिली चार पानं लागली आहेत. कौटुंबिक रहस्य वगैरे काही निघालं नाही. कडबा, गूळ, बैलाचं औषध आणि कुणाला तरी उसने दिलेले पाच रुपये.

आता तक्रारी. कॅलेंडर भरवस्तीत असतं. पाहुणे चहा पिता पिता हिरव्या खुणा मोजतात. नणंदबाईंनी जुलै बघून "या महिन्यात तब्येत बरी नव्हती का गं?" विचारलं. दुसरं, खूण लबाडी ओळखत नाही. ऑगस्टमधल्या दोन 'तळजाई' खरं तर भाजी आणायला गेलेल्या फेऱ्या आहेत (७१ मध्ये धरलेल्या नाहीत, हे नमूद करते). तिसरं, एकदाच करायच्या मोठ्या कामांना ही पद्धत निरुपयोगी. पासपोर्टचं नूतनीकरण तसंच पडून आहे, त्याला रोज काय खूण करणार?

आमच्या ऑफिसात दर एप्रिलला 'स्मार्ट' उद्दिष्टांची स्लाइड दाखवतात. उद्दिष्ट कसं असावं याच्या पाच कसोट्या, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'स्मार्ट'. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये ही यादी मांडली, तेव्हा त्यातला 'ए' 'साध्य होण्याजोगं' असा नव्हता, 'काम कुणाकडे सोपवायचं' असा होता. ती कंपन्यांसाठीची यादी होती, हे विसरून आपण ती घरी आणतो. घरात कुणाकडे सोपवायचं याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे बायकांनी संकल्प करताना आधी हे बघावं की ती अर्धा तासाची जागा कुणाच्या वाट्यातून निघणार आहे. माझ्या तळजाईसाठी सकाळचा डबा आठवड्यातून तीनदा नवऱ्याकडे गेला. ते पहिल्या आठवड्यात बोललो नसतो, तर ७१ चे १७ झाले असते.

सिंहगड सोडला नाही, दर रविवारवरून वर्षात तीनदा असा केला. जुलैत आतकरवाडीच्या वाटेने चढले, वर धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन गुडघ्यांना शिव्या देत उतरले. एक झाला, दोन बाकी.

घ्यावं का? घरात आधीच आहे, वापरून बघा. फक्त पाडव्याला सुरू करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: कॅलेंडर डिसेंबरला संपतं आणि २०२५ नंतरचा गुढीपाडवा १९ मार्च २०२६ चा, म्हणजे हिशेब दोन कॅलेंडरांत विभागला जाणार. जुनं रद्दीत द्यायचं नाही, असं आईंना सांगून ठेवलंय.

"मी कशाला देते," त्या म्हणाल्या, "मागच्या पानांवर पाककृती आहेत माझ्या."