स्ट्रक्चरल ऑडिट : ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीचा अनुभव

आमची तळमजला अधिक चार मजल्यांची, 32 सदनिकांची इमारत 1986 सालची आहे. तीस वर्षे ओलांडलेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हावे, असे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लिहिलेले असूनही आमच्याकडे ते यंदा प्रथमच झाले, आणि तेही महापालिकेची नोटीस आल्यावर. पालिकेच्या यादीतील एका सल्लागार संस्थेला आम्ही जीएसटी वगळून 80 हजार रुपयांत हे काम दिले. सोसायटीचा सचिव या नात्याने दोन्ही दिवस मी अभियंत्यांबरोबर फिरलो.

प्रत्यक्ष तपासणीत खोट काढण्यासारखे काही नव्हते. हातोडीने ठोकत जाताना खणखणीत आवाज कुठे बद्द होतो, हे त्यांनी आम्हालाही ऐकवले. पार्किंगमधल्या एका खांबाचा थोडा भाग फोडून त्यावर त्यांनी फिनॉल्फ्थेलिनचे द्रावण फवारले. निरोगी, म्हणजे क्षारता टिकून असलेले काँक्रीट त्याने गडद गुलाबी होते. आमचा खांब मात्र सळईपर्यंत करडाच राहिला आणि गुलाबी रंग सळईच्या मागे उमटला. काँक्रीटमधली क्षारता सळईला गंजापासून जपते, हवेतला कार्बन डायऑक्साइड ती हळूहळू संपवतो, आणि गंजलेली सळई फुगून बाहेरचे काँक्रीट फोडते, हे त्या अभियंत्याने वॉचमनलाही कळेल अशा भाषेत सांगितले. त्याच खांबावर आम्ही आजवर तीनदा गिलावा करून घेतला होता.

अहवालात इमारत ‘सी-2 बी’ वर्गात आली, म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी. यावर सभेत अनेकांचा विरस झाला, कारण ‘सी-1’ आले असते तर इमारत पाडून पुनर्विकासाचा मार्ग मोकळा झाला असता. एका ज्येष्ठ सभासदांनी तर अभियंत्याला सरळ विचारले, ‘‘साहेब, सी-1 नाही का बसणार?’’ ‘‘काका, आकडे मशीनचे आहेत, माझे नाहीत,’’ एवढेच उत्तर मिळाले. माझ्या मते संस्थेची फी या एका वाक्यात वसूल झाली. 2015 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच नौपाड्यात कृष्णा निवास कोसळून 12 जण गेले, त्यामुळे धोक्याला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही; पण दुरुस्त होणारी इमारत पाडणे म्हणजे शेकडो टन डेब्रिज आणि तितकेच नवे सिमेंट-लोखंड. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे. बांधकाम कचऱ्यासाठी 2016 पासून नियम असले, तरी रात्रीचे डंपर खाडीकाठच्या तिवरांत काय ओततात, हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको.

अहवालाने दाखवलेली पैशाची बाजू अधिक बोचरी आहे. दुरुस्तीचा अंदाज 38 लाख रुपये, म्हणजे घरटी सुमारे 1 लाख 19 हजार. उपविधींनुसार सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का घ्यायचा असतो, आणि आम्ही तो किमानच, तोही 1986 च्या खर्चावर, घेत राहिलो. तेव्हा सदनिकेचा बांधकाम खर्च 60 हजार धरला होता. त्यावर वर्षाचे दीडशे, महिन्याचे साडेबारा रुपये. एवढ्या वर्षांत सगळ्या सदनिकांचे मिळून मुद्दल दोन लाखांपर्यंतही पोचले नाही. ‘आपला मेंटेनन्स कमी’ असे पाहुण्यांना अभिमानाने सांगणाऱ्यांत मीही होतो.

आता तक्रारी. तीन आठवड्यांत देऊ म्हटलेला अहवाल सात आठवड्यांनी आला. साठ पानांचा मजकूर पूर्ण इंग्रजीत, छायाचित्रांखाली सदनिका क्रमांक नाहीत, त्यामुळे कुठला छज्जा कोणाचा हे ओळखण्यात कमिटीचे दोन रविवार गेले. त्याहून वाईट म्हणजे 38 लाखांचा अंदाज एका ओळीत उरकला होता. खांब, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि ड्रेनेजचे पाइप यांची फोड नसल्याने कंत्राटदारांची कोटेशने तुलना करता येईनात. काम देताना मराठी सारांश, क्रमांकासह छायाचित्रे आणि बाबवार अंदाजपत्रक या तिन्ही गोष्टी वर्कऑर्डरमध्येच लिहून घ्याव्यात. आम्ही घेतल्या नव्हत्या.

तपासणीला पाचपैकी साडेचार, कागदपत्रांना दोन. सुधारित अंदाजपत्रक आम्ही लेखी मागितले आहे आणि पार्किंगमधल्या त्या खांबाला तोवर लोखंडी टेकू लावून घेतले आहेत.